‘होळीनंतर’ हा शब्द कुठे गेला?

(जालना एमआयडीसी येथे कार्यकर्ते व हितचिंतक यांच्या मेळाव्यात केलेले भाषण. थोडे संक्षिप्त करून देत आहोत.)



मला विषय दिला होता ‘संगणक आणि आपले सेवाकार्य’. विषय मोठा आहे. मी त्यातला एक लहानसा तुकडाच घेणार आहे. एका कामाची योजना दोन संगणकांवर असते. एकावर सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती असते, दुसऱ्यावर नवी. फाइल इकडून तिकडे गेली की काय होते, एवढेच मला सांगायचे आहे. ऐकायला कोरडे वाटेल. पण या तुकड्यापायी आपल्या एका वसतिगृहाचे एक वर्ष वाया गेले आहे, आणि त्यातली मोठी चूक माझी होती. म्हणून ती माझ्याच तोंडून ऐकलेली बरी.

इथल्या एमआयडीसीत एका रोलिंग मिलच्या देखभाल विभागात माझे आयुष्य गेले. जालन्याची सळई महाराष्ट्रभर जाते हे तुम्हाला माहीत आहे. ती सळई काढणारी मिल वर्षातून एकदा काही दिवस बंद ठेवावी लागते. भट्टीचे अस्तर बदलायचे, रोल बदलायचे, मोटारी उघडून बघायच्या. मिल बंद राहिलेला प्रत्येक दिवस मालकाला महाग पडतो. म्हणून कोणते काम कोणत्या कामामागे, याचा तक्ता आधी तयार करतात. भट्टी थंड झाल्याशिवाय अस्तर उकरता येत नाही. अस्तर उकरल्याशिवाय नवे बसत नाही. नवे बसले तरी ते सुकल्याशिवाय भट्टी पेटवता येत नाही. ही कामांची साखळी. एक कडी दोन दिवस सरकली, की मागच्या सगळ्या कड्या दोन दिवस सरकतात.

हा तक्ता आम्ही ‘मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट’ या सॉफ्टवेअरमध्ये करायचो. डावीकडे कामांची यादी, उजवीकडे तारखांखाली आडव्या पट्ट्या. बुरूज बांधायच्या आधी बसून खर्चाचा अंदाज घेणाऱ्या माणसाचा दाखला आपण शुभवर्तमानात वाचतो. तोच हिशेब इथे दिवसांचा करायचा असतो.

२०११ च्या नाताळानंतर आपल्या समितीने मला विचारले, “मेळघाटात धारणी तालुक्यात आपण मुलींच्या वसतिगृहाला नवी खोली बांधतो आहोत. मिलचा तक्ता करता, तसा आमचा कराल का?” मी आनंदाने हो म्हटले. काम साधे होते. जोते आणि भिंती झाल्या होत्या. राहिले होते सेंट्रिंग, स्लॅब, गिलावा, दारे-खिडक्या. मेळघाटात जूनच्या मध्यावर पाऊस लागला की बांधकाम थांबते, आणि विदर्भातल्या शाळा जूनअखेरीस उघडतात. म्हणजे खोली मे महिन्यात पुरी व्हायला हवी होती. सळई इथल्याच एका मिलने कमी दरात दिली. सेंट्रिंगच्या प्लेटा परतवाड्याच्या ठेकेदाराकडून भाड्याने घ्यायच्या होत्या. मजूर मात्र गावातलेच लावायचे, हे समितीने ठरवले होते. आपण दिलेली मजुरी त्याच गावात राहावी, हा त्यामागचा विचार.

धारणीकडचे काम आपला एक तरुण कार्यकर्ता पाहत होता. तो कोरकू समाजातला. शिक्षण तिथेच झालेले, संगणक चांगला यायचा. त्याला एका हितचिंतक कुटुंबाने नवा लॅपटॉप भेट दिला होता आणि त्यावर मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टची २०१० ची आवृत्ती होती. माझ्या मिलमध्ये होती २००७ ची. परतवाड्याच्या ठेकेदाराकडेही २००७ चीच. गंमत बघा, कारखान्यात जुने आणि जंगलातल्या गावात नवे. तक्त्याचा पहिला खर्डा मी त्यानेच करावा असे सुचवले, कारण गावची माहिती त्याला. त्याने तो मनापासून केला आणि धारणीला जाऊन ई-मेलने मला पाठवला.

फाइल माझ्याकडे उघडेना.

इथे थोडे तांत्रिक सांगतो, कंटाळू नका. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टच्या फाइलच्या नावामागे ‘एमपीपी’ ही अक्षरे असतात. अक्षरे तीच राहिली, पण आतली मांडणी बदलत गेली. २००० पासून २००३ पर्यंत एक मांडणी होती. २००७ मध्ये दुसरी आली. २०१० मध्ये तिसरी आली, आणि २०१३, २०१६, २०१९, २०२१ या आवृत्त्यांनी तीच पुढे चालवली. नवे सॉफ्टवेअर जुनी फाइल वाचू शकते. जुन्याला नवी फाइल वाचता येत नाही, कारण जुने तयार झाले तेव्हा नवी मांडणी जन्मालाच आलेली नव्हती. आजोबांचे पत्र नातू वाचेल, पण नातवाची मोबाइलवरची भाषा आजोबांना कशी कळणार?

यावर उपाय असतो. ज्याच्याकडे नवी आवृत्ती आहे, त्याने ‘सेव्ह ॲज’मध्ये जाऊन फाइल जुन्या मांडणीत साठवून द्यायची. मला हे माहीत होते. मी त्याला फोन लावला. माझी मिलची पाळी संपत आली होती आणि डोक्यात दुसरीच कामे होती. मी सांगितले, “सेव्ह ॲज कर, खाली २००७ निवड आणि परत पाठव.” तो करत गेला. मग थांबला.

“काका, इथे काहीतरी इशारा दाखवतंय. इंग्रजीत आहे, लांबलचक आहे. वाचून दाखवू?”

मी म्हटले, “नको रे, ते नेहमीचंच असतं. हो म्हण आणि पुढे जा.”

बंधुभगिनींनो, या एका वाक्यासाठी मी आज इथे उभा आहे.

त्या इशाऱ्यात काय होते ते मला पुढे समजले. २०१० च्या आवृत्तीत एक नवी सोय आली होती. त्याआधी प्रत्येक कामाला तारीख असावीच लागे. तुम्ही दिली नाही तर सॉफ्टवेअर स्वतः हिशेब करून देई. २०१० मध्ये काम ‘हाताने ठरवलेले’ असे ठेवता येऊ लागले. त्यात तारखेचा रकाना रिकामा ठेवता येतो, किंवा तारखेच्या जागी चक्क शब्द लिहिता येतात. ‘पैसे आल्यावर’, ‘परवानगी मिळाल्यावर’, असे काहीही. आपल्यासारख्यांच्या कामाला ही फार उपयोगी सोय आहे. पण २००७ च्या मांडणीत तिला जागाच नाही. म्हणून जुन्या रूपात साठवताना सॉफ्टवेअर ते काम पुन्हा आपोआप ठरणाऱ्या कामात बदलते. शब्द गळून पडतात आणि त्या जागी सॉफ्टवेअर स्वतःची तारीख घालते. जे काम कशाच्याच मागे जोडलेले नसते, त्याला सरळ प्रकल्पाच्या पहिल्या दिवशी बसवते. इतकेच नव्हे, नव्या आवृत्तीत एखादे काम रद्द न करता ‘निष्क्रिय’ करून बाजूला ठेवता येते. जुन्या रूपात गेल्यावर तेही यादीतून उडते.

आपल्या तरुण कार्यकर्त्याने साखळीची पहिली कडी लिहिली होती, ‘मजूर परत येणे’. तिच्या तारखेच्या रकान्यात त्याने लिहिले होते, ‘होळीनंतर’. पुढच्या कामांना किती दिवस लागतील ते भरले होते, तारखा मात्र मोकळ्या सोडल्या होत्या. माणसे आली की तारखा टाकू, हा त्याचा सरळ विचार.

माझ्या पडद्यावर फाइल उघडली तेव्हा ‘मजूर परत येणे’ यासमोर तारीख होती १ फेब्रुवारी २०१२. प्रकल्पाचा पहिला दिवस. त्यामागे सेंट्रिंग, त्यामागे स्लॅब, सगळे एकापाठोपाठ शिस्तीत. मार्च संपायच्या आत गिलावासुद्धा पुरा! मी खूश झालो. तक्त्याची प्रत परतवाड्याला पाठवली. ठेकेदाराने तारीख पाहून प्लेटा जागेवर नेऊन टाकल्या, आणि त्या दिवसापासून भाडे चालू झाले. इथून सळईचा ट्रक निघाला. देऊळगाव राजा, चिखली, खामगाव, अकोला, परतवाडा, मग सेमाडोह-हरिसालचा घाटरस्ता करत तो वेळेवर पोचला. मजूर तेवढे नव्हते.

ते का नव्हते हे मेळघाटात कोणालाही विचारले असते तरी कळले असते. दिवाळीनंतर शेतातले काम संपले की तिथली कितीतरी कुटुंबे मजुरीसाठी खाली मैदानी भागात उतरतात. घरे बंद असतात. ती माणसे परत येतात होळीला. होळी हा कोरकू समाजाचा सर्वांत मोठा सण. त्याला गावी पोचायचे म्हणजे पोचायचेच. आणि त्या वर्षी होळी होती मार्चच्या पहिल्या आठवड्यात.

मला हे ठाऊक नव्हते, पण सुचायला हवे होते. आमच्या मिलमध्ये भट्टीवर बिहार-उत्तर प्रदेशचे कामगार असतात. छठपूजेच्या आठवड्यात मोठे काम कोणी ठरवत नाही, कारण माणसे गावी गेलेली असतात. ते माझ्या मिलच्या तक्त्यात मी न विसरता लिहीत असे. धारणीच्या तक्त्यात तेवढीच गोष्ट एका मुलाने लिहून दिली होती, आणि मीच ती पुसायला लावली.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मी फोन केला. “मजूर लावले का?”

तो म्हणाला, “काका, मी तर होळीनंतर लिहिलं होतं.”

मी फाइल उघडली. ‘होळीनंतर’ असा शब्द कुठेच नव्हता. १ फेब्रुवारी होती. आणि मी त्याला बोललो. “लिहिलं असतं तर दिसलं असतं. लोकांच्या पैशाचं काम आहे, जरा लक्ष देऊन करावं.” तो गप्प राहिला. माझ्या वयाकडे पाहून गप्प राहिला असेल. आपण बरोबर आहोत हे त्याला माहीत होते. पण माझा विश्वास कागदावर होता, त्याच्या शब्दावर नव्हता.

फेब्रुवारी संपताना मी तिथे गेलो. त्याने लॅपटॉप उघडून त्याची मूळ फाइल दाखवली. पहिल्याच ओळीत, तारखेच्या रकान्यात, मराठीत लिहिले होते, ‘होळीनंतर’. मी बराच वेळ त्या शब्दाकडे पाहत राहिलो. मग त्याची माफी मागितली. तो म्हणाला, “असू द्या काका, संगणकाची चूक आहे.” नव्हती. संगणकाने इशारा दिला होता. या मुलाने तो मला वाचून दाखवू का म्हणून विचारले होते. ऐकायला मी तयार नव्हतो.

पुढचे थोडक्यात सांगतो. भाडे वाढत चालले तसे आम्ही ठेकेदाराला प्लेटा परत न्यायला सांगितले. होळीनंतर माणसे आली तेव्हा प्लेटा दुसऱ्या कामावर अडकल्या होत्या. त्या मिळाल्या एप्रिलच्या शेवटी. स्लॅब पडला मे महिन्यात, आणि त्यावर मारायला पाणी नव्हते. मेळघाटात मे महिन्यात पिण्याच्या पाण्यासाठी वणवण असते, तिथे स्लॅबला कुठून आणणार? टँकर विकत घ्यावा लागला. गिलावा आणि दारे राहून गेली आणि पाऊस आला. फुकट गेलेले भाडे तीन मुलींच्या वर्षभराच्या जेवणाएवढे होते. तो पैसा तुम्ही दिलेला होता. हिशेबात तो दाखवलेला आहे. का गेला, ते आज सांगतो आहे.

पण माझ्या मनाला पैशापेक्षा दुसरी गोष्ट लागली. नवी खोली होणार म्हणून त्या वर्षी जास्तीच्या सात मुलींना घ्यायचे ठरले होते. जुन्या खोलीत जागा नव्हती. त्यांच्या आईवडिलांना ‘पुढच्या वर्षी या’ असे सांगावे लागले. पुढच्या वर्षी पाचजणी आल्या. दोघी आल्या नाहीत.

तेव्हापासून मी काही नियम पाळतो. तुमच्यापैकी बरेच जण आपापल्या मंडळीत, शाळेत, दवाखान्यात अशी कामे पाहता. म्हणून सांगतो.

पहिला नियम. काम सुरू होण्याआधी विचारा, सर्वांत जुनी आवृत्ती कोणाकडे आहे? योजना तिला पेलेल अशीच करा. एसाव भेटला तेव्हा याकोब त्याच्याबरोबर घाईने पुढे गेला नाही. लहान मुले आणि दुभती जनावरे ज्या चालीने चालतील, त्या चालीने मी येईन, असे त्याने सांगितले. फाइलचेही तसेच आहे. ज्याच्याकडे नवे आहे त्याने पाऊल आवरायचे.

दुसरा. महत्त्वाची गोष्ट तारखेच्या रकान्यात शब्दांनी लिहून ठेवू नका. कामाच्या नावातच लिहा. ‘मजूर परत येणे, होळीनंतर’. कामाचे नाव कुठल्याही आवृत्तीत गळत नाही. आणि होळीची तारीख पंचांगात पाहून ती खरी तारीख घाला, म्हणजे पट्टी योग्य जागी बसेल.

तिसरा. जुन्या रूपात साठवताना येणारा इशारा पूर्ण वाचा. इंग्रजी कळत नसेल तर कळणाऱ्याला वाचून दाखवा. आणि तुम्ही तो कळणारे असाल, तर ऐका.

चौथा. मूळ फाइल कधीही पुसू नका. जुन्या रूपातली प्रत वेगळ्या नावाने, तारीख आणि आवृत्ती लिहून ठेवा. बदल एकाच फाइलमध्ये, एकाच माणसाने करायचे. बाकीच्यांनी कळवायचे. नाहीतर दोन फाइली दोन दिशांना चालू लागतात.

आता उलट अडचणही येते. जुन्या लोकांकडे २००३ च्या काळातल्या फाइली असतात. नवे सॉफ्टवेअर त्या वाचू शकते, पण सुरक्षिततेसाठी बहुधा अडवते. सेटिंगमध्ये ‘ट्रस्ट सेंटर’ असते, त्यात जुन्या मांडणीच्या फाइलींना परवानगी द्यावी लागते. फाइल ओळखीच्या माणसाकडून आलेली असेल तरच द्या. २०१३ पासूनच्या आवृत्त्यांना मात्र २००३ च्या रूपात परत साठवता येत नाही. त्यामुळे इतके जुने कोणी वापरत असेल तर त्याला फाइल न पाठवता छापील तक्ता किंवा पीडीएफ पाठवा. दुसरा मार्ग एक्सएमएलचा. त्या रूपात कामे, दिवस आणि साखळी जाते, रंग आणि सजावट जात नाही. सजावटीवाचून आपले अडत नाही.

सगळ्यांनीच विकतचे सॉफ्टवेअर घ्यायला हवे असेही नाही. २०१२ पासून ‘प्रोजेक्टलिब्रे’ नावाचे मोफत सॉफ्टवेअर मिळते. ते एमपीपी फाइल उघडते. त्यातून परत देताना एक्सएमएल द्यावे लागते. आणि एक खोली बांधायची असेल तर भिंतीवरचे कॅलेंडर आणि पेन्सिलसुद्धा पुरते, हे मी इतकी वर्षे हे काम केलेला माणूस तुम्हाला सांगतो.

शेवटचा नियम संगणकाचा नाही. तक्ता तयार झाला की तो छापा, आणि ज्या गावात काम आहे तिथल्या माणसाला फोनवर ओळ न ओळ वाचून दाखवा. प्रत्येक ओळीला विचारा, “हे असंच आहे ना?” पंधरा मिनिटे लागतात. मी ती दिली असती, तर पहिल्याच ओळीला तो मुलगा म्हणाला असता, “नाही काका, होळीनंतर.”

फाइल एका हातातून दुसऱ्या हातात जाताना काहीतरी गळणारच. माझा अनुभव असा, की रकान्यात न बसणारी गोष्ट सर्वांत आधी गळते. आणि आपल्या कामात रकान्यात न बसणाऱ्या गोष्टी बहुधा दूरच्या माणसाच्या असतात. त्याचा सण, त्याची वाट, त्याच्या परतीची वेळ. आपण देणगी देतो ती त्याच माणसासाठी. मग त्याचा शब्द आपल्याच हातून गळू नये, एवढी काळजी आपण घेऊ या.

ती खोली पुढच्या वर्षी पूर्ण झाली. तक्ता त्या तरुणानेच केला. मी फक्त तो वाचून घेतला, ओळ न ओळ. पहिल्या ओळीत लिहिले होते, ‘मजूर परत येणे, होळीनंतर’, आणि पुढे खरी तारीख.